कोरी शिला आणि पोथ्यांचा मनोरा

वाचकहो, माणूस मागे काय ठेवून जातो, या प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे एकाच दिवसात पाहावयाची असतील, तर चीनमधील शीआन नगरीस जावे. थांग घराण्याच्या काळी हीच चांगआन नावाची राजधानी होती.

सकाळी वायव्येची वाट धरावी. सुमारे ८० किलोमीटरवर एका डोंगराच्या पोटात सम्राट गाओत्सुंग व त्याची राणी वू यांची समाधी आहे. ६९० ते ७०५ या काळात वूने स्वतःच सम्राटपद धारण केले. चीनच्या इतिहासात हा मान दुसऱ्या कोणत्याही स्त्रीस लाभला नाही. वाटेच्या दुतर्फा दगडी घोडे व पहारेकरी उभे आहेत. परदेशी वकिलांचे ६१ पुतळेही आहेत. पण बहुतेकांची मस्तके नाहीशी झाली आहेत. तेथेच दोन शिला दिसतात. एकीवर सम्राटाची स्तुती कोरलेली आहे. दुसरी राणीची, सुमारे साडेसात मीटर उंच. पण ती उभारणाऱ्यांनी तिच्यावर एक अक्षरही कोरले नाही. पुढील शतकांत आल्यागेल्यांनीच तिच्यावर आपले लेख कोरले. मुख्य समाधी मात्र अद्याप उघडलेली नाही.

दुपारी पश्चिमेस फामेन विहार पाहावा. तेथील विटांचा जुना स्तूप १९८१ साली अर्धा ढासळला. १९८७ साली त्याचा पाया उकरताना ८७४ पासून बंद असलेले तळघर सापडले. आत एकात एक बसविलेल्या पेट्यांत बुद्धाच्या बोटाची म्हणून पूजिलेली अस्थी होती. थांग सम्राट ती मिरवणुकीने राजधानीस आणीत. ८१९ साली हान यू या पंडिताने त्याविरुद्ध सम्राटाकडे निर्भीडपणे लेखी विनंती केली. त्यापायी त्याला दूर दक्षिणेस धाडण्यात आले.

सायंकाळी शीआनला परतून रानहंस स्तूपापाशी थांबावे. गाओत्सुंगाने युवराज असताना मातेच्या स्मरणार्थ बांधलेल्या विहारात तो आहे. भारतात फिरून, महाराष्ट्रात पुलकेशीच्या मानी प्रजेचे वर्णन टिपून, ह्यूएनत्संग ६४५ साली ६५७ ग्रंथ घेऊन परतला. ते सुरक्षित राहावेत म्हणून ६५२ साली हा स्तूप उभारला गेला. पण तो केवळ पोथ्या रचून स्वस्थ बसला नाही. ६६४ साली देह ठेवीपर्यंत तो भाषांतर करीत राहिला आणि ७५ ग्रंथ त्याने चिनी भाषेत उतरविले. त्यांतील ‘महाविभाषा’ या विशाल ग्रंथाचे संस्कृत मूळ आज नष्ट झाले आहे. तो संपूर्ण वाचावयाचा तर ह्यूएनत्संगाच्या चिनी शब्दांतूनच!

डोंगराने राजाचा देह झाकला, तळघराने अस्थी राखली. ग्रंथ मात्र दुसऱ्या भाषेत गेला म्हणून वाचला. वाचकहो, आपल्याही घरी आजीच्या ओव्यांची वा आजोबांच्या टिपणांची एखादी जीर्ण वही असेल. ती नुसती पेटीत जपून ठेवू नका. मुलांकडून तिची नक्कल करवून घ्या आणि घरातील नव्या पिढीची भाषा निराळी असेल, तर त्या भाषेतही ती उतरवा.