भोपाळास जाऊन येणे

दसरा आटोपला, कोजागिरीचे दूध पिऊन झाले, की आपल्या इंदुरातील मराठी घरांतून एक वाक्य हटकून ऐकू येते : ‘एकदा भोपाळास जाऊन यायला हवे.’ कोणाची ताई तेथे असते, कोणाचा धाकटा भाऊ, कोणाची आत्या. बोलणारा हल्ली ‘जाऊन’पेक्षा ‘यायला’ या शब्दावर अधिक भार देतो, हे आमच्या अलीकडेच ध्यानात आले.

सुमारे १९० किलोमीटरांचा चौपदरी रस्ता आहे. २७ जून २०२३ पासून वंदे भारत गाडीही धावू लागली. सकाळी निघावे, दुपारी तेथे जेवावे, चारचा चहा घेऊन रात्री आपल्या अंथरुणावर पडावे. घाईच्या कामाला किंवा आजाऱ्याला या वेगाचे मोल फार आहे, आणि त्याबद्दल तक्रार करण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. पण भाऊबीज हे घाईचे काम नव्हे.

टी. टी. नगर वसले तेच मुळी घरे दुभंगून. १ नोव्हेंबर १९५६ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, नवे मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि भोपाळ राजधानी झाले. ग्वाल्हेर-इंदूरची मध्यभारताची कचेरी हलली, नागपूरचीही हलली, आणि त्या फायलींच्या मागोमाग आपली कारकून-मंडळी ट्रंका नि देव्हारे घेऊन सरकारी क्वार्टरांत राहावयास गेली. गंमत अशी की, तेव्हाची ती राजधानी सिहोर जिल्ह्यात मोडत होती. भोपाळचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९७२ साली! आईवडील इकडच्या वाड्यात, मुलगा तिकडच्या दोन खोल्यांत. दोहोंना बांधून ठेवणारा दोर म्हणजे दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी. त्या सुट्टीत कोणी ‘जाऊन येत’ नसे. जाऊन राहत असे.

वस्तीला नाव मिळाले ते येवल्याच्या रामचंद्र पांडुरंग टोपे यांचे. ग्वाल्हेर पडल्यानंतर तात्या महिनोन्‌महिने घोड्यावर होते. १८५८ च्या शरदातच त्यांनी नर्मदा ओलांडली, आणि १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीस त्यांना फाशी झाली. ज्यांना एका गावी चार रात्री स्वस्थ झोप मिळणे दुर्मिळ, त्यांच्या नावाच्या वस्तीत आपण एक रात्रही काढू नये, याची आम्हांस थोडी लाज वाटते.

आमचे म्हणणे एवढेच, की शरदात तरी हा प्रवास सावकाश करावा. पावसाने धुतलेला माळवा याच दिवसांत पाहण्याजोगा असतो. सोयाबीन निघालेले असते, गव्हासाठी काळी जमीन उलटून पडलेली असते, सकाळच्या हवेत किंचित गारवा असतो. देवासला उतरून टेकडी चढावी. कुमार गंधर्व १९४८ पासून अखेरपर्यंत याच गावी राहिले, हे बरोबरच्या मुलांना सांगावे. सोनकच्छला कालीसिंध, आष्ट्याला पार्वती. पुलावर गाडी थांबवून पाण्याकडे पाहण्यात दहा मिनिटे जातात. ती गेली तर काय बिघडते? भोपाळला पोहोचल्यावर संध्याकाळी न्यू मार्केटवरून रोशनपुऱ्याकडे पायीच निघावे, पुढे श्यामला टेकडीवर भारत भवनापर्यंत जावे. चार्ल्स कोरियांनी ती वास्तू उतारात अशी बसविली आहे की, पायऱ्या उतरता उतरता मोठा तलाव समोर येतो. वाटेत नणंद-भावजया जे बोलतात, ते जेवणाच्या ताटावर कधी निघत नाही.

आणि एक गोष्ट. तिकडच्या मुलांचे मराठी आता पाहुण्यांवर टिकून आहे. शाळेत हिंदी, मित्रांत हिंदी, घरीही निम्मे हिंदीच. मामा चार दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी मूल त्याच्याशी मराठीत हट्ट धरते, तिसऱ्या दिवशी भांडते. चार तासांच्या भेटीत ते ‘नमस्कार’ म्हणते नि आत पळते. आमच्या मते हे नुकसान वाचविलेल्या वेळेपेक्षा फार मोठे आहे.

जुनी क्वार्टरेही राहिलेली नाहीत. २०१६ साली स्मार्ट सिटीची योजना शिवाजीनगर-तुळशीनगरांतून हलून टी. टी. नगरात आली, आणि घरांच्या रांगा पाडल्या गेल्या. ज्या अंगणात आम्ही पेरूच्या झाडावर चढलो, ती जागा आम्हांस गेल्या वर्षी नेमकी ओळखता आली नाही. ताई आता जवळच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. आम्ही सकाळी पोहोचलो, तेव्हा तिच्या गॅलरीत पाहुण्यांच्या दोन गाद्या उन्हात टाकलेल्या होत्या. ओवाळणे झाले, जेवण झाले. साडेचारला आम्ही घड्याळ पाहिले. ती काही बोलली नाही. खाली उतरून वर पाहिले, तो भाचा गाद्या गुंडाळून आत नेत होता.

यंदा आम्ही तिला चार दिवसांचे कळविले आहे. उत्तरादाखल तिने एवढेच विचारले : अनारसे तिकडून आणणार, की पीठ भिजवून ठेवू?