बैलाच्या कातड्याएवढी जमीन

शिवाजी पार्कचे मैदान महापालिकेने 1925 साली खुले केले, तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते आणि अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने 1927 साली त्याला शिवछत्रपतींचे नाव लाभले, ही हकीकत दादरच्या जाणत्या माणसाला पाठ असते. कट्ट्यावर बसून तो ती पुढच्या पिढीला सांगतो, वर आपल्या आजोबांची एखादी आठवणही जोडतो. आपल्या वस्तीचा इतिहास आपल्याला ठाऊक असावा, यात त्याला विशेष असे काही वाटत नाही. मात्र त्याच्या घरी रोज पहाटे जे पाणी येते, ते ज्या रानातून येते, त्या रानाच्या हकीकतीविषयी विचारले तर तो गप्प होतो. तानसा धरण 1892 सालचे. पुढे वैतरणेवर मोडकसागर झाला, भातसा झाले आणि मध्य वैतरणा तर मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे उभे राहिले. जव्हार, मोखाडा, शहापूरच्या डोंगरांतले पाणी दादरला पोहोचले. त्याच तालुक्यांतील पाड्यांवरच्या बाया उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसतात. पाण्याच्या या व्यवहाराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून त्याचा विस्तार येथे करीत नाही. त्या रानाची स्मृती कोण जतन करणार, हा आजचा आमचा विषय आहे.

जव्हार संस्थानच्या स्थापनेची एक कथा आहे. घाटातील मुकणे येथील एका महादेव कोळी वीराने (जयाबा मुकणे या नावाने परंपरा त्याला ओळखते) जव्हारच्या वारली प्रमुखाकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. वारली प्रमुखाने ती सहज दिली. जयाबाने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या एकमेकींना जोडल्या आणि त्या वादीने सारे जव्हार वेढून घेतले. वारली प्रमुखाच्या वाट्याला गंभीरगडाचा मुलूख आला. 1882 सालच्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने ही कथा नोंदवून ठेवली आहे. जयाबाच्या पुत्राला 1343 साली दिल्लीच्या सुलतानाने 'नीमशहा' असा किताब दिला, असे संस्थानची परंपरा सांगते. या घराण्याची सत्ता 1948 च्या विलीनीकरणापर्यंत टिकली. सहाशे वर्षे चाललेली कोळी राजवट महाराष्ट्राच्या शालेय इतिहासात दोन ओळींचीही धनी होऊ नये, याचे आम्हाला नवल वाटते. सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवछत्रपतींची जव्हारच्या राजाशी भेट झाली, ते शिरपामाळ आजही जव्हारजवळ आहे. महाराजांना तेथे शिरपेच अर्पण झाला, म्हणून ते शिरपामाळ, अशी गावकऱ्यांची श्रद्धा आहे. ज्यांच्या नावाच्या मैदानावर आपण रोज फेऱ्या मारतो, त्यांच्या वाटेवरील हे ठिकाण आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे?

बैलाच्या कातड्याची युक्ती कार्थेज नगरीची संस्थापक राणी डायडो हिच्या नावावरही सांगतात, हे अभ्यासकांना ठाऊक आहे. त्यामुळे ही कथा घडलेली की रचलेली, या वादात शिरण्याचे कारण नाही. कथा सांगणाऱ्याला काय सांगायचे आहे, ते पाहावे. दरबारात सांगितली की ती चातुर्याची कथा होते. वारल्याच्या पाड्यावर सांगितली की तीच शब्दात फसल्याची कथा होते. शब्द दिला तो एका अर्थाने आणि वसूल झाला दुसऱ्याच. या प्रदेशाचा पुढचा इतिहास याच रीतीने घडला. वाद्यांच्या जागी कागद आला, एवढाच फरक. सावकाराने पुढे केलेल्या कागदावर अंगठा उमटवला की पिढीजात शेत त्याच्या नावावर जाई आणि त्याच शेताचा मालक कूळ होऊन राबू लागे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही सावकाराच्या दारी गडी होत. त्यांना 'लग्नगडी' हे नाव होते. 1945 साली उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी याविरुद्ध उठाव केला. त्याचे नेतृत्व करणाऱ्या गोदावरी परुळेकर विचारांनी आमच्यापासून फार दूरच्या. तथापि 'जेव्हा माणूस जागा होतो' हे त्यांचे 1970 सालचे पुस्तक वाचल्याविना या प्रदेशाविषयी कोणी बोलू नये, असेच आमचे मत आहे.

आता लोकपरंपरेकडे पाहू. वारली लग्नात घराच्या आतील भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात, त्यात पालघट देवी बसते आणि धवलेरी गाण्यांनी लग्न लावते. येथे लग्न लावण्याचा अधिकार स्त्रीचा आहे, याकडे पुरोगामी आणि परंपरानिष्ठ अशा दोन्ही पक्षांचे लक्ष जावे. कणसरी ही धान्याची देवी, हिरवा हा कुलदेव, नारनदेव पावसाचा. वाघाला देव मानून त्याची काष्ठाची किंवा दगडाची मूर्ती शिवेवर उभी करतात. मोखाड्याचा बोहाडा तर संबळाच्या तालावर रात्र रात्र चालतो. गणपती, सरस्वतीपासून रावणापर्यंत सोंगे नाचतात. एकेक सोंग एकेका घराण्याकडे परंपरेने असते आणि अखेरीस जगदंबा महिषासुराचा वध करते.

यातील चित्र तेवढे शहरात आले. 1970 च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी वारली चित्रकारांच्या हाती कागद दिला आणि डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे जगभर पोहोचले. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे उत्तमच झाले. आज दादरच्या दुकानांत झब्ब्यावर, कपावर, पिशवीवर तारपा नाच दिसतो. पण चौक ज्या गाण्याने पुरा होतो ते गाणे भिंतीवरच्या चित्रासारखे उचलून आणता येत नाही. ते एका वृद्धेच्या कंठात असते आणि तिच्याबरोबर जाते.

ही हळहळ केवळ रसिकाची नव्हे. 2006 च्या वनहक्क कायद्याखालील नियम 1 जानेवारी 2008 रोजी लागू झाले. दाव्याच्या पुराव्यांत सरकारी कागदांबरोबर गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, वंशावळ, पवित्र झाडे, देवराया, दफनभूमी यांनाही तेथे स्थान आहे. म्हणजे 'या शिवेवर आमच्या पणजाने वाघदेव बसवला' हे म्हाताऱ्याचे बोल आता नुसती दंतकथा नाहीत. ते सामूहिक हक्काच्या दाव्याचे एक पान होऊ शकतात. ज्या समाजाची जमीन कागदाने गेली, त्याच्या मौखिक स्मृतीला कायद्याने प्रथमच एवढा मान दिला. ते सांगणारे म्हातारे मात्र दरवर्षी कमी होत आहेत. जबाब लिहून घ्यायचा तर माणूस जिवंत असावा लागतो.

राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून दप्तरे मिळवली. 'महिकावतीची बखर' त्यांनीच 1924 साली प्रसिद्ध केली, म्हणून उत्तर कोकणाच्या जुन्या इतिहासाला काही आधार लाभला. जेथे दप्तरच नाही तेथे पायपीट अधिक आणि वेळ कमी. हे काम विद्यापीठांवर सोडून चालणार नाही. आश्रमशाळेतील आठवी-नववीच्या मुलांना त्यांच्याच आजी-आजोबांकडे वही घेऊन पाठवावे. भाषा त्यांचीच असल्याने दुभाष्या लागत नाही. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांच्या कथा परस्परांशी जुळणार नाहीत. त्या जुळवून घेण्याचा मोह टाळावा आणि आमच्यासारख्या कार्यकर्त्यांनीही त्यांत आपल्या सोयीचा अर्थ भरू नये. 1882 चे गॅझेटियर आणि के. जे. सावे यांचे वारल्यांवरील 1945 चे पुस्तक, दोन्ही मूळ इंग्रजीत आहेत. त्यांतील जव्हार-डहाणूची पाने सोप्या मराठीत उतरवून पाड्यावर वाचून दाखवावीत. जयाबाची गोष्ट तेथे वाचली जाईल तेव्हा एखादा म्हातारा मध्येच थांबवील आणि 'असे नव्हते झाले' म्हणून स्वतःची गोष्ट सांगू लागेल. वही तेव्हा उघडी असावी. डहाणूच्या महालक्ष्मीची यात्रा चैत्री पौर्णिमेला सुरू होते, पंधरवडाभर चालते आणि दादरहून तेथे सकाळच्या गाडीने जाता येते.