तह आणि मैत्री

दोन राष्ट्रांचें नातें कशानें जुळतें, असें विचारल्यास आपण बहुधा तह, वकिलाती व राजेलोकांच्या भेटी यांचीं नांवें घेऊं. तुर्कस्तान व जपान या परस्परांपासून फार दूर असलेल्या देशांचा इतिहास पाहतां हें उत्तर मला अपुरें वाटतें.

इ. स. १८८९ मध्यें सुलतान दुसरा अब्दुल हमीद यानें जपानच्या मेइजी बादशहाकरितां नजराणे देऊन ‘एर्तुग्रुल’ नांवाची युद्धनौका पाठविली. वाटेंत मुंबई बंदरास लागून ती १८९० च्या जूनमध्यें योकोहामास पोहोंचली. तेथें मोठा सत्कार झाला. परंतु परतीच्या प्रवासांत, १६ सप्टेंबरच्या रात्रीं, ओशिमा बेटाजवळ वादळांत सांपडून ती खडकावर आदळली. पांचशेंहून अधिक लोक बुडाले. अवघे ६९ वांचले. बेटावरील कोळी व शेतकरी गरीब होते. तरी त्यांनीं या परभाषी, परधर्मी लोकांस आपल्या अंगाची ऊब दिली, आणि घरांत होतें नव्हतें तें अन्न त्यांच्यापुढें ठेविलें. पुढें दोन जपानी युद्धनौकांनीं वांचलेल्यांस इस्तंबूलास पोहोंचविलें.

तहाचीं बोलणीं मात्र अडलीं. युरोपीय राष्ट्रांस तुर्कस्तानांत असलेल्या खास सवलती जपानासही हव्या होत्या, व त्या देण्यास सुलतानाचें सरकार तयार नव्हतें. रीतसर राजकीय संबंध जुळण्यास १९२४ साल उजाडावें लागलें.

कोणी म्हणेल, राजकारणांत उपकार कोण स्मरतो? १९४५ मध्यें तुर्कस्तानानें जपानाविरुद्ध युद्ध पुकारलें नव्हतें काय? पुकारलें होतें, हें खरें. पण १९८५ च्या मार्चमध्यें, इराणवरून उडणारें कोणतेंही विमान पाडूं अशी धमकी इराकनें दिली, तेव्हां तेहरानांत अडकलेल्या २१५ जपानी लोकांस तुर्की विमानांनींच बाहेर काढिलें. तेथील कित्येक तुर्क मात्र खुष्कीच्या मार्गानें मायदेशीं परतले. ओशिमाची आठवण तुर्कस्तानांत तोंवर पुसली गेली नव्हती.

तह निरुपयोगी आहेत, असें माझें म्हणणें नाहीं. त्यांवांचून व्यापार व व्यवहार चालत नाहींत. परंतु तह ज्या विश्वासावर उभा राहतो, तो सामान्य माणसांच्या वर्तनांतून निर्माण होतो. विद्यार्थिमित्रांनो, परका मनुष्य संकटांत सांपडून आपल्या दारीं येतो, तेव्हां आपल्या देशाचे वकील आपणच असतों, हें विसरूं नये.