ड्रायव्हर नवा आहे, नालायक नाही!

‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ आपल्या हॉस्टेलला नवा नाही. चेक प्रजासत्ताकातल्या एससीएस सॉफ्टवेअरने २०१२ साली आणलेला हा गेम. आधी दुसऱ्याचे ट्रक चालवायचे, मग कर्ज काढून स्वतःचा घ्यायचा, गॅरेज वाढवून पगारी ड्रायव्हर ठेवायचे.

इथेच आपलं गणित फसतं. नवा ड्रायव्हर जवळपासच्या किरकोळ फेऱ्या मारतो, कधी येताना गाडी रिकामीच आणतो. चार दिवसांचा हिशोब बघून आपण त्याला काढतो आणि दुसरा नवखा आणतो. मीही तेच करायचो. ड्रायव्हर बदलले, तोटा काही बदलला नाही!

माझ्या मते चूक ड्रायव्हरची नाही, मालकाची आहे. त्याने काय शिकायचं हे आपणच ठरवतो: लांब पल्ला, नाजूक माल, किमती माल, धोकादायक माल. मी सगळ्यांना आधी लांब पल्ला शिकायला लावलं आणि काढाकाढी बंद केली. जसजशी लेव्हल वाढली, तसतशा फेऱ्या लांबल्या आणि कमाईही वाढली. महागडा ट्रक देऊन जे जमलं नव्हतं, ते थोडं थांबल्याने जमलं.

‘फ्रेशर हवा, पण अनुभवी’ म्हणणाऱ्या कंपन्यांवर आपण मेसमध्ये तावातावाने बोलतो. पण स्वतः मालक झालो की आपण काय करतो? फेस्टच्या टीममधून फर्स्ट इयरच्या पोराला पहिल्याच चुकीला बाहेर काढतो! यंदा त्याला जरा लांब पल्ल्याचं काम देऊन तर बघा.