दिवा विझला म्हणजे वीज गेली?

घरी वीजदुरुस्तीला आलेला जुना वायरमन प्रथम काय करतो, ते आठवून पाहा. बोर्डावरचा कटआऊट उपसून तो खिशात घालतो आणि मगच तारेला हात लावतो. खोलीतला बल्ब विझला आहे, एवढ्यावर तो विसंबत नाही. हे शहाणपण आम्हा भावी इंजिनियरांकडे नव्हते. त्याची किंमत माझ्या मित्राच्या बोटाने मोजली.

१९९४ साली मार्क थॉर्प यांनी सॅन फ्रान्सिस्कोत 'रोबोट वॉर्स' भरवले. यंत्रमानवांच्या झुंजीचा तो छंद आता आपल्याकडच्या कॉलेजांतही रुजला आहे. बहुतेक स्पर्धांत अशा यंत्राला दोन गोष्टी सक्तीच्या असतात: बॅटरीची मुख्य वाट तोडणारी लिंक किंवा स्विच, आणि वीज चालू असल्याचे दाखवणारा दिवा. आम्ही दिवा बसवला तो तपासनिसासाठी! रिसीव्हरच्या ५ व्होल्टवर तो जोडून आम्ही मोकळे झालो.

सरावानंतर दिवा विझलेला दिसला. ''लाइट इल्ला,'' असे म्हणत मित्राने चकतीत अडकलेला पत्र्याचा तुकडा काढायला हात घातला. लिंक जागेवरच होती. रिसीव्हरचा सैल झालेला प्लग मला दिसला आणि मी तो दाबला. ट्रान्समीटरची कळ वरच राहिलेली. आमच्या स्वस्त कंट्रोलरला ते तपासण्याची सोय नव्हती. दिवा लागला आणि त्याच क्षणी चकतीही फिरली. तीन टाके पडले. बोट वाचले, हे नशीब.

चूक कुठे झाली? आमचा दिवा रिसीव्हरची खबर देत होता, बॅटरीची नव्हे. दिवा लिंकच्या पुढे, मुख्य धन व ऋण तारांमध्ये हवा. लिंकच्या अलीकडे जोडला तर लिंक काढूनही तो जळतच राहील. चार सेलची लिपो बॅटरी १४.८ व्होल्टची, पूर्ण भरल्यावर १६.८. तांबड्या एल.ई.डी.ला सुमारे २ व्होल्ट लागतात. मालिकेत १,५०० ओहमचा रेझिस्टर घातला की प्रवाह १० मिलिअँपियरच्या आत राहतो. पाव वॅटचा रेझिस्टर पुरतो. लिंक काढल्यावर दिवा हळूहळू मंदावतो, कारण कंट्रोलरच्या कपॅसिटरांत साठलेली वीज उतरत असते. तेवढे थांबावे.

तरीही दिवा हा साक्षीदार आहे, पहारेकरी नव्हे. धक्क्याने त्याचीच तार तुटू शकते. पेटलेला दिवा 'वीज आहे' असे सांगतो. विझलेला दिवा काहीच सिद्ध करत नाही. हातात आलेली लिंक मात्र खोटे बोलत नाही.

आमचे सीनियर म्हणतात, लिंक म्हणजे आणखी एक जोड. तडाख्याने निखळली की सामना गेला. म्हणणे अगदीच खोटे नाही. पण त्यावर उपाय आहे. एक्सटी-६० कनेक्टरला जाड तारेचा आखूड फास नीट सोल्डर करावा, वर पट्टी आवळावी, आणि लिंक अशा जागी ठेवावी की ती काढताना हात शस्त्रावरून जाऊ नये. १५ किलोच्या यंत्रात ते काही ग्रॅम कोणाला जड होणार?

माझे स्पष्ट मत असे की, प्रोजेक्टच्या गुणांत चकतीच्या वेगाइतकेच महत्त्व या जोडणीला द्यावे. आणि वर्कशॉपच्या भिंतीवर मराठी व कन्नड दोन्ही भाषांत एक ओळ लिहावी: लिंक ज्याच्या खिशात, त्याचाच हात यंत्रात.

— एक विद्यार्थी, तृतीय वर्ष, इलेक्ट्रिकल