वायूंचे तक्ते आणि तीन अंशांचा फरक

विद्यार्थी मित्रांनो, वायूंचे गुणधर्म पाठ करताना एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली आहे काय? नायट्रोजन रंगहीन व गंधहीन, ऑक्सिजन रंगहीन व गंधहीन, आर्गॉनही तसाच! या उत्तराला परीक्षेत गुण मिळतात. परंतु हे तीन वायू एकमेकांपासून वेगळे काढायचे झाले, तर या वर्णनाचा काडीचाही उपयोग होत नाही. माझे मत असे की, वायूंचा अभ्यास आपण उलट्या टोकाकडून करतो. जिथे ते सारखे आहेत ते घोकतो आणि जिथे ते वेगळे आहेत ते आकडे तक्त्यात पडून राहतात.

ते आकडे पाहा. वातावरणाच्या दाबाखाली नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो, आर्गॉन उणे १८६ ला आणि ऑक्सिजन उणे १८३ ला. या फरकावर एक मोठा उद्योग उभा आहे. कारखान्यात हवेतील बाष्प व कार्बन डायऑक्साइड आधी काढून टाकतात; नाहीतर ते गोठून नळ्या चोंदतील. मग हवा दाबतात, थंड करतात आणि एकदम प्रसरण पावू देतात. त्यामुळे ती अधिकच थंड होऊन शेवटी तिचा द्रव होतो. कार्ल फॉन लिंडे यांनी १८९५ साली हीच युक्ती वापरली. हा द्रव उंच मनोऱ्यात उकळला की नायट्रोजन वर जातो व ऑक्सिजन तळाशी साचतो. आर्गॉन आणि ऑक्सिजन यांच्यात मात्र अवघा तीन अंशांचा फरक! म्हणून शुद्ध आर्गॉनसाठी आणखी एक मनोरा लागतो.

फरक दुसरा निवडला की रीतही बदलते. रुग्णालयांतील लहान संयंत्रांत हवा थंड करीतच नाहीत. ती दाबाखाली झिओलाइटच्या दाण्यांतून सोडतात. दाणे नायट्रोजनला धरून ठेवतात, ऑक्सिजन पुढे निघून जातो. दाब कमी केला की दाणे नायट्रोजन सोडून देतात आणि पुन्हा कामाला तयार होतात. येथे ऑक्सिजन मिळतो तो सुमारे ९३ टक्के शुद्ध. उरलेल्यात मुख्यतः आर्गॉन असतो, कारण दाण्यांना आर्गॉन व ऑक्सिजन यांच्यात फारसा भेद कळत नाही.

या ज्ञानाचे मोल २०२१ च्या कोरोना लाटेत आपण पाहिले. द्रवरूप ऑक्सिजनचे टँकर आणण्यासाठी १९ एप्रिल रोजी कळंबोलीहून विशाखापट्टणमला रेल्वेगाडी निघाली. द्रवच का? एक लिटर द्रवापासून सुमारे ८६० लिटर वायू मिळतो, म्हणून. अनेक रुग्णांचा श्वास त्या दिवसांत या आकड्यावर अवलंबून होता.

कोणी म्हणेल, "आकडे तरी पाठच करावे लागणार ना?" खरे आहे. पाठांतराला माझा विरोध नाही. तुलनेवाचून केलेल्या पाठांतराला आहे. लॉर्ड रॅले यांना हवेतून मिळवलेला नायट्रोजन लिटरला सुमारे १.२५७ ग्रॅम भरला आणि संयुगांपासून केलेला १.२५१ ग्रॅम. एवढासा फरक त्यांनी सोडून दिला असता, तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी तो धरून ठेवला आणि १८९४ मध्ये रॅले व रॅम्झी यांच्या हाती आर्गॉन लागला. हवेच्या जवळजवळ एक टक्का असलेला हा वायू तोवर कोणाला ठाऊकच नव्हता!

तेव्हा मित्रांनो, आज एक करा. तुमच्या पुस्तकातील वायू उत्कलनबिंदूंच्या क्रमाने वहीत लिहा. प्रत्येक शेजारच्या जोडीसमोर प्रश्न टाका: यांना वेगळे कसे करता येईल? आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्या आम्हां शिक्षकांनीही 'गुणधर्म लिहा' याऐवजी हाच प्रश्न विचारावा, एवढीच विनंती.