दातांची डॉक्टरकी आणि मृगाचे बियाणे



सरकीच्या पिशव्या, खताची जुळवाजुळव आणि मुलामुलींच्या क्लासची फी ही सगळी एकाच महिन्यात अंगावर येतात. दहावीचा निकाल लागलेला असतो, मृग तोंडावर असतो, आणि क्लासवाला म्हणतो, एकरकमी भरा, सूट देतो. अकरावीपासून ‘नीट’ची तयारी केली तर एमबीबीएस, नाहीच जमले तर निदान बीडीएस, म्हणजे दातांची डॉक्टरकी, कुठे गेली नाही, असा त्याचा हवाला. बियाणे उधारीवर येते, फी मात्र रोख जाते. रोख नसेल तो रान गहाण टाकतो. जिल्ह्याच्या बैठकांत पिकाच्या भावाचे बोलून झाले की हल्ली हाच विषय निघतो, म्हणून या अंकात अग्रलेखाची जागा त्याला दिली आहे.

हे मी मुळशीत बसून लिहितो आहे. मुळशी भाताचा, पावसाचा तालुका. तुमच्या कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू रानाशी त्याचे काही जुळत नाही. पण जमीन हातची गेली म्हणजे काय होते ते इथल्या माणसाला शिकवावे लागत नाही. टाटांच्या धरणात जमिनी जाऊ लागल्या तेव्हा १९२१ ते १९२४ इथे सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. तरी धरण झालेच. आज हिंजवडी-पिरंगुटच्या अंगाला जमिनी जातात त्या राजीखुशीने, गुंठ्याच्या हिशेबाने. इथला शेतकरी चार गुंठे काढून पोराची फी भरू शकतो. त्याचे पाहून कोरडवाहूवाल्याने तोच मार्ग धरू नये. तुमच्या रानाला गुंठ्याचा भाव नाही.

तेव्हा पिकाचा मांडतो तसा या परीक्षेचाही हिशेब मांडू.

पूर्वी बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळत. मग राज्याची सीईटी आली. २०१३ साली देशभर एकच ‘नीट’ झाली, ती त्याच जुलैत सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढली, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये त्याच न्यायालयाने आपला निकाल मागे घेतला. त्या वर्षी वटहुकूम काढून राज्याची परीक्षा सरकारी जागांपुरती वाचवली. २०१७ पासून मात्र डॉक्टर व्हायचे असो की दातांचा डॉक्टर, दार एकच. २०२५ च्या परीक्षेत १८० प्रश्न होते, १८० मिनिटे होती, ७२० गुण होते. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. यातले निम्मे गुण, ३६०, एकट्या जीवशास्त्राचे.

आता गंमत बघा. ही परीक्षा मराठीतही देता येते. पण प्रश्न ज्या पुस्तकांच्या आधाराने काढतात ती एनसीईआरटीची पुस्तके इंग्रजी, हिंदी, उर्दूत निघतात, मराठीत नाहीत. आपल्या राज्य मंडळाचे अकरावी-बारावीचे विज्ञानही इंग्रजीत. म्हणजे दहावीपर्यंत ‘प्रकाशसंश्लेषण’ म्हणणारे पोर जूनमध्ये अकरावीला बसते आणि तोच धडा त्याला परका होतो. भाषांतरात घोळ झाला तर इंग्रजी प्रश्न ग्राह्य धरतात. मग मराठी पेपर कोण घेणार? गावची पोरे मागे पडतात ती बुद्धीने नव्हे, या एका जूनमध्ये मागे पडतात. क्लास मोठी फी घेऊन बरेचदा एवढेच करतो की ही भाषेची दरी भरून काढतो. एनसीईआरटीची विज्ञानाची पुस्तके मराठीत काढा, ही मागणी कापसाच्या भावाइतकीच रोखठोक मांडली पाहिजे. सरकारला यात धरण बांधायचे नाही.

तोवर घरी बसून काय करता येईल? मी शेतकी शिकलेला माणूस, म्हणून ही पुस्तके चाळताना मला मौज वाटली. बारावीच्या जीवशास्त्रात आपला बीटी कापूस आहे. बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा जिवाणू, त्याचे ‘क्राय’ जनुक, अळीच्या आतड्यातला अल्कधर्मी रस, त्यात विरघळणारे विषाचे स्फटिक, मग आतड्याला पडणारी भोके. अकरावीत सी-४ वनस्पती आहेत. आपली ज्वारी त्यांतलीच, म्हणून ती उन्हाच्या कडाक्यात गव्हापेक्षा तग धरते. गुलाबी बोंडअळीने बीटी पचवून २०१७ साली विदर्भात काय केले ते पुस्तकात नाही, ते तुम्ही सांगा. पोराला बांधावर न्या, बोंड फोडून दाखवा आणि धडा त्याच्याच तोंडून मराठीत ऐका. मग तोच धडा त्याला इंग्रजीत वाचू द्या. जीवशास्त्राचे निम्मे गुण या वाटेने आवाक्यात येतात. पदार्थविज्ञान अवघड जाते हे खरे, तिथे शिक्षक लागतो, आणि त्या एका विषयापुरती शिकवणी लावणे वेगळे.

जुने पेपर आणि उत्तरे परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. अकरावी संपली की अकरावीच्या भागाचे प्रश्न घड्याळ लावून सोडवायला द्या आणि गुण वहीत मांडा. दर महिन्याला आकडा चढतो आहे की नाही ते दिसेल. बारावीनंतर ‘रिपीटर’च्या वर्षाचे पैसे भरायचे की नाही ते या वहीवरून ठरवा, क्लासच्या भिंतीवरच्या फोटोंवरून नको. महाज्योतीने इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी नीटची मोफत ऑनलाइन शिकवणी चालवली आहे, तिचीही चौकशी करा.

आता खरी मेख. नीट पास होणे म्हणजे जागा मिळणे नव्हे. २०२०-२१ साली देशात बीडीएसच्या पहिल्या वर्षाच्या सुमारे सात हजार जागा रिकाम्या होत्या. ८ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने पात्रतेची अट दहा पर्सेंटाइलने खाली आणायला लावली आणि खासगी दंत महाविद्यालयांनी फी कमी करण्याचा विचार करावा असेही म्हटले. म्हणजे खुर्च्या रिकाम्या होत्या, परवडत नव्हत्या. सरकारी दंत महाविद्यालये मोजकी. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर ही जुनी, शिवाय मुंबई महापालिकेचे नायर. तिथे पोचायला वरचा क्रमांक लागतो. तो नसेल तर दलाल तुम्हाला शोधत येतो. महाराष्ट्रात देणगी घेण्याला १९८७ पासून कायद्याने बंदी आहे आणि प्रवेश यादीनेच होतात. यादीबाहेर जागा देतो म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.

फीचे आणखी एक. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. मात्र प्रवेश राज्याच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्याला आणि अभिमत विद्यापीठाला ही सवलत लागू नाही. पर्याय भरताना महाविद्यालय अभिमत आहे का, हे आधी विचारा. अल्पभूधारकांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ताही आहे. आपल्यातले अनेकजण त्यासाठी अर्जच करत नाहीत.

बीडीएस ही एमबीबीएस हुकलेल्यांसाठी ठेवलेली शिळी भाकर नव्हे, हेही सांगून ठेवतो. चार वर्षे शिक्षण, एक वर्ष प्रत्यक्ष काम. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या फ्लोराइडच्या पाण्याने पिवळे पडलेले पोरांचे दात आणि खर्ऱ्याने आखडलेले बापांचे जबडे पाहिले, तर आपल्या गावांना हा डॉक्टर हवा आहे हे कळते.

पुढच्या बैठकीला येताना क्लासच्या आणि महाविद्यालयाच्या फीच्या पावत्यांची झेरॉक्स आणा, नाव झाकले तरी चालेल. कोणत्या जिल्ह्यात किती रक्कम आणि कशापोटी घेतात याचा तक्ता करून शुल्क नियामक प्राधिकरणाकडे काय नेता येईल ते तिथेच ठरवू.